दुसऱ्यांची पत्रं, स्वतःचं पत्र

एक बाई रडत रडत पत्राचा मजकूर सांगते आहे. तिचा माणूस तुरुंगात आहे, आणि तो सुटेपर्यंत बाहेर राहूनही आपण कैदेतच आहोत, हे तिला त्याला कळवायचं आहे. तिच्यामागून एक म्हातारा येतो. ज्याच्यावर भरवसा ठेवला त्यानेच फसवलं, एवढं त्याला त्या माणसाला सुनवायचं आहे. मग आणखी चेहरे, आणखी गावांची नावं, आणखी पत्ते. कॅमेरा प्रत्येकाच्या इतक्या जवळ की मागचं गजबजलेलं स्टेशन म्हणजे नुसती हलणारी, धूसर गर्दी. या माणसांना लिहिता येत नाही. समोरच्या लहानशा टेबलामागे बसलेली डोरा त्यांचं बोलणं कागदावर उतरवते, पत्ता विचारते आणि पैसे घेते.

वॉल्टर सालेस यांचा 'सेंट्रल स्टेशन' (१९९८) हा ब्राझिलियन चित्रपट असा सुरू होतो. हे स्टेशन रिओ द जानेरोचं, आणि चित्रपटाचं मूळ पोर्तुगीज नावही स्टेशनचंच आहे. त्या वर्षी बर्लिन महोत्सवात याला सर्वोत्तम चित्रपटाचं 'गोल्डन बेअर' मिळालं आणि डोराची भूमिका करणाऱ्या फर्नांडा मोंटेनेग्रो यांना अभिनयाचं 'सिल्व्हर बेअर'. ऑस्करसाठी परदेशी भाषेतला चित्रपट आणि अभिनेत्री अशी दोन नामांकनंही आली. कथा दोन ओळींत सांगता येते. स्टेशनवर पत्रं लिहिणारी एक एकटी, कडवट निवृत्त शिक्षिका आणि आई गेल्यामुळे उघड्यावर पडलेला नऊ वर्षांचा मुलगा जोझुए त्याच्या बापाच्या शोधात दूरच्या मुलखात जातात.

संकटातली दोन माणसं वाटेत एकमेकांची होतात, हा सिनेमाचा जुना आणि लाडका विषय. त्यात बहुतेक वेळा कणव पुढे होते आणि बाकीचं अश्रू करतात. सालेस यांनी डोरा आणि जोझुए यांचं नातं पत्रांच्या व्यवहारावर उभं केलं आहे. डोरा आधी लोकांची पत्रं अडवते, पुढे ती पोचवू लागते, मग दुसऱ्याच्या पत्रात एक नाव घालते आणि शेवटी स्वतःचं पत्र लिहिते. माणूस माणसाशी कसा जोडला जातो, याचं उत्तर चित्रपट या चार पायऱ्यांनी देतो. ते उत्तर मला अतिशय खरं वाटतं, कारण यातली एकही पायरी डोराला फुकट मिळत नाही.

पहिली पायरी क्रूर आहे. संध्याकाळी घरी आल्यावर डोरा आणि तिची शेजारीण इरेनी दिवसभराची पत्रं काढून बसतात. डोरा एकेक मोठ्याने वाचते, हसते, शेरे मारते. कोणाचं पोस्टात टाकायचं, कोणाचं फाडायचं आणि कोणाचं खणात ठेवून द्यायचं, हे तीच ठरवते. दारुडा नवरा परत मागणाऱ्या बाईचं पत्र गेलंच कशाला पाहिजे, असा तिचा न्याय. जोझुएची आई आना हिचं पत्रही असंच खणात जातं. आनाने पहिल्या दिवशी नवऱ्याला शिव्याशापांचं पत्र लिहवून घेतलेलं असतं. मन बदलल्यावर ती पुन्हा येते आणि मऊ शब्दांत दुसरं सांगते. मुलाला बाप बघायचाय, आणि खरं तर तिलाही तो हवा आहे.

या प्रसंगात सालेस डोराला खलनायिका करत नाहीत. मारिलिया पेरा यांची इरेनी सोबतीला असल्यामुळे सगळं दोन मैत्रिणींच्या संध्याकाळच्या करमणुकीसारखं वाटतं, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. डोराचं पाप तिला पाप वाटतच नाही. रोज इतक्या लोकांचं दुःख कानावरून गेलं की ते ऐकणं बंद होतं. दुःखाला दुःख राहू दिलं तर जगता येत नाही, म्हणून ती त्याचा निवाडा करून मोकळी होते.

तो पहिला रडणारा चेहरा कोणाचा आहे, हे कळलं की या पायरीचं वजन वाढतं. तिचं नाव सोकोर्रो नोब्रे. ही बाई खरोखरच तुरुंगात होती. तिथे असताना एका नियतकालिकात शिल्पकार फ्रान्स क्रायचबर्ग यांच्याविषयी वाचून तिने त्यांना पत्र लिहिलं होतं. त्या पत्रातून जुळलेल्या ओळखीवर सालेस यांनी १९९५ मध्ये तिच्याच नावाचा माहितीपट केला आणि 'सेंट्रल स्टेशन'ची कल्पना त्यातून सुचली. म्हणजे एका पत्राने जिचं आयुष्य बदललं, तीच बाई इथे पहिल्या चौकटीत पत्र सांगते आहे, आणि ते पत्र डोराच्या हातात पडतं आहे. पुढेही तसंच. स्टेशनवर टेबल मांडल्यावर खरोखरचे प्रवासी येऊन पत्रं सांगू लागले आणि त्यांतल्या काहींचं बोलणं चित्रपटात आलं. त्या चेहऱ्यांवरची घालमेल कोणी दिग्दर्शकाने शिकवलेली नाही. डोरा कागद फाडते तेव्हा या माणसांचा भरवसा फाटतो, आणि प्रेक्षकाला तो आवाज ऐकू येतो.

दुसरं पत्र सांगून स्टेशनबाहेर पडताच आना बसखाली सापडते. जोझुए एकटा उरतो. तो डोराच्या टेबलाशी येऊन बापाला पत्र लिहायला सांगतो, आणि ती पैसे मागते. चित्रपटातलं हे सगळ्यात कठीण वाक्य असेल, कारण ते रागाने म्हटलेलं नाही. तो तिचा रोजचा दर आहे. या स्टेशनात कोणाचीच किंमत फार नाही. किरकोळ चोरी करून पळणाऱ्या पोराला स्टेशनवरचा रखवालदार गोळी घालतो आणि गर्दी चालत राहते. याच रखवालदाराच्या ओळखीने डोरा मुलाला 'परदेशात दत्तक' देणाऱ्यांकडे पोचवते आणि मिळालेल्या पैशांतून रिमोटवाला टीव्ही घेऊन येते. इरेनी हादरते. एवढ्या मोठ्या मुलाला दत्तक कोण घेणार, त्याचे अवयव काढून विकतील, असं ती तोंडावर सुनावते. डोरा रात्रभर तळमळते आणि सकाळी जाऊन मुलाला तिथून अक्षरशः पळवून आणते.

इथे वात्सल्य जागं झालं, असं समजणं सोपं आहे. पण मोंटेनेग्रो यांचा चेहरा तसं काही सांगत नाही. त्यात भीती आहे, स्वतःचीच शिसारी आहे आणि एक त्रासिक घाई आहे. तिला मूल नको आहे, फक्त केलेलं पुसून टाकायचं आहे. जोझुएही गोड मुलगा नाही. तो उद्धट बोलतो, तिला खोटारडी म्हणतो, तिच्या दिसण्यावर बोलतो. ही भूमिका करणारा विनिसियुस द ऑलिव्हेरा रिओच्या विमानतळावर बूटपॉलिश करायचा आणि सालेस यांच्याशी त्याची गाठ तिथेच पडली. त्याच्या नजरेत अनोळखी मोठ्या माणसाला जोखण्याची सवय आहे. दोघेही एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, आणि दोघांचंही त्यात चुकत नाही. म्हणून पुढे जो विश्वास तयार होतो तो कमावलेला वाटतो.

प्रवास सुरू होतो तो ब्राझीलच्या ईशान्येकडे, सेर्तांव या कोरड्या, गरीब मुलखाकडे. पोटासाठी माणसं तिथून रिओ-साओ पाउलोला येत राहिली आणि स्टेशनवरची पत्रं उलट त्याच मुलखाकडे जात राहिली. डोरा आता पत्रांच्या वाटेने निघाली आहे. आनाचं जे पत्र तिने पोस्टात टाकलं नाही, ते तिच्याजवळ आहे, आणि त्यावरचा पत्ता शोधत तिलाच दारोदार हिंडावं लागतं. पटकथेतली ही शिक्षा मला फार न्याय्य वाटते. कोणी डोराला उपदेश करत नाही. चुकवलेलं काम तिच्या पायांना लागतं, एवढंच.

छायालेखक वॉल्टर कार्व्हालो यांनी हा बदल डोळ्यांना कसा दाखवला आहे, ते बघण्यासारखं आहे. रिओमध्ये चौकट कोंदट, तपकिरी रंगांची आणि मागचं सगळं अस्पष्ट असतं. डोराला स्वतःपलीकडचं काही दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. शहर मागे पडतं तशी चौकट रुंदावते, दूरचं स्पष्ट होतं, आकाश येतं, उजेड येतो. संवादांत कुठेही 'डोरा बदलली' असं नाही. ती बघायला लागली आहे, हे कॅमेरा तिच्याआधी सांगतो.

या मुलखाला ब्राझिलियन सिनेमात मोठी आठवण आहे. साठच्या दशकातल्या 'सिनेमा नोव्हो' चळवळीने सेर्तांवचा दुष्काळ, भूक आणि बंड जगासमोर आणलं. १९९० मध्ये सरकारने चित्रपटांना आधार देणारी संस्था बंद केली आणि देशातली निर्मिती जवळपास थांबली. त्यातून सावरणाऱ्या सिनेमाचा 'सेंट्रल स्टेशन' हा ठळक टप्पा. वाटेत डोरा-जोझुएला आसरा देणारा धार्मिक ट्रकचालक सेझार झाले आहेत ऑथॉन बास्तोस, ग्लॉबर रोशा यांच्या १९६४ च्या गाजलेल्या चित्रपटात याच सेर्तांवमधला बंडखोर साकारणारे. इथे त्यांच्या वाट्याला एक भित्रा, चांगला माणूस आला आहे. उपाहारगृहात डोरा त्याच्या हातावर हात ठेवते, एका अनोळखी बाईकडून लिपस्टिक घेऊन लावते. थोड्या वेळाने काचेपलीकडे त्याचा ट्रक निघून जाताना तिला दिसतो. काचेवर टेकलेल्या मोंटेनेग्रो यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटतं, त्याला संवादाची गरजच नाही. इतकी वर्षं कशाची इच्छाच न केलेल्या बाईला इच्छा झाली, आणि लगेच दार बंद झालं. जोझुए तिची समजूत काढायला म्हणून, लिपस्टिक लावली की ती छान दिसते, असं सांगतो. त्याचं हे बहुधा पहिलंच चांगलं बोलणं.

डोराच्या कडवटपणाचं मूळ आपल्याला तुकड्यातुकड्याने कळतं. तिचा बाप इंजिन ड्रायव्हर होता. लहानपणी त्याने तिला शिट्टी वाजवू दिली होती. पुढे तो घर सोडून गेला, आणि बऱ्याच वर्षांनी रस्त्यात भेटला तेव्हा मुलगी म्हणून त्याने तिला ओळखलंही नाही. तिच्या बाबतीत तरी बाप म्हणजे विसरणारा माणूस, आणि जोझुएच्या बाबतीत बाप म्हणजे जाऊन भेटण्याचा पत्ता. मुलाची आशा तिला मूर्खपणा वाटते, कारण तिने स्वतःची आशा त्याच जागी पुरलेली आहे.

ही दोन दुःखं एकमेकांवर आदळतात ती वाटेतल्या एका यात्रेच्या रात्री. पैसे संपले आहेत. पत्त्यावरच्या घरात बाप नाही. भुकेने आणि थकव्याने पिसाळलेली डोरा मुलाला त्याच्या जन्मावरून बोलते, आणि तो गर्दीत पळतो. हजारो मेणबत्त्या, मोठमोठ्याने चाललेल्या प्रार्थना, गुडघ्यांवर चालणारी माणसं. डोरा त्याला हाका मारत नवसाच्या खोलीत शिरते. भिंतींवर फोटो, अर्पण केलेल्या वस्तू, बरे झालेल्या अवयवांच्या प्रतिकृती. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही खोली परकी वाटणार नाही. डोराला भोवळ येते. पुढच्या दृश्यात पहाट झाली आहे आणि तिचं डोकं जोझुएच्या मांडीवर आहे. ख्रिस्ताचं शरीर मांडीवर घेतलेली मेरी हे युरोपीय कलेतलं अतिपरिचित चित्र सालेस यांनी उलटं केलं आहे. इथे मूल सावरतं आणि म्हातारी विसावते.

मला मात्र या रात्रीपेक्षा तिच्यानंतरची सकाळ मोठी वाटते. जोझुए शक्कल लढवतो. घरी पत्र, संताला पत्र, असं ओरडत तो गिऱ्हाइकं गोळा करतो. पुन्हा टेबल, पुन्हा रांग, पुन्हा कॅमेऱ्याच्या जवळ आलेले चेहरे. सुरुवातीची सगळी मांडणी जशीच्या तशी परत येते. लोक नवस फेडल्याचं सांगतात, आभार मानतात, कुशल कळवतात. पण खरा फरक डोरामध्ये आहे. आता ती ऐकते आहे. सांगणाऱ्याकडे बघते, हसते. आणि या वेळची पत्रं पोस्टात पडतात. आदल्या रात्रीच्या चमत्कारावर विश्वास ठेवायचा की नाही, हे चित्रपट आपल्यावर सोडतो. सकाळच्या कामावर मात्र तो पूर्ण विश्वास टाकतो. डोराची सुधारणा म्हणजे तिने आपला धंदा प्रामाणिकपणे करणं. मिळालेल्या पैशांतून मुलगा तिला एक पोशाख घेतो, दोघं संताच्या पुतळ्यासोबत फोटो काढतात, आणि डोळ्याला लावून बघायच्या नळीतला तो इवलासा फोटो दोघांकडे एकेक राहतो.

तिसरी पायरी एका सुताराच्या घरात येते. नव्या वसाहतीतल्या एकसारख्या घरांमध्ये जोझुएचे दोन सावत्र भाऊ भेटतात, इझायास आणि मोइझेस. बापाचं नाव जेझूस, धंदा सुताराचा, मुलांची नावं बायबलमधली. ही प्रतीकं चित्रपट फार मिरवत नाही. भावांना या मुलाचं खरं नाव माहीत नाही, कारण त्याने दुसरंच सांगितलेलं आहे. तरी ते त्याला लाकडाचा भोवरा कसा करतात ते दाखवतात. मग इझायास एक पत्र आणून डोराला वाचायला सांगतो. सहा महिन्यांपूर्वी बापाने आनाला लिहिलेलं. तो तिला शोधायला रिओला गेला आहे, परत येईल, मग सगळे एकत्र राहू: मी, तू, इझायास, मोइझेस. डोरा थांबते. जोझुएकडे बघते. आणि पुढे वाचते की जोझुए, ज्याला भेटायची मला फार ओढ लागली आहे.

त्या थांबण्यात सगळा चित्रपट आहे. हे नाव पत्रात नसणार, हे आपल्याला तिच्या नजरेवरून कळतं. खुर्चीत बसून लोकांच्या भवितव्याचा निवाडा करणारी डोरा इथे पुन्हा एकदा मजकुरात हात घालते आहे. तेव्हा तिने दुसऱ्याचे शब्द मारले होते, आता एका मुलासाठी ती शब्द निर्माण करते. हा खोटेपणा आहे आणि चित्रपट तो लपवत नाही. पण आता तो शब्द उच्चारण्याचा तिला अधिकार आला आहे, कारण या मुलाला बापाच्या दारापर्यंत आणण्याची किंमत तिने मोजली आहे. बाप येईल, असं इझायास आणि जोझुए म्हणतात. मोइझेसला ते पटत नाही. कोण बरोबर, हे सालेस शेवटपर्यंत सांगत नाहीत. जोझुएला बाप मिळेल की नाही ठाऊक नाही, भाऊ मात्र मिळाले आहेत.

पहाटे सगळे झोपलेले असताना डोरा नवा पोशाख घालते, लिपस्टिक लावते आणि निघते. जाण्याआधी जेझूसचं पत्र आणि आनाचं पत्र ती शेजारी शेजारी ठेवते. रिओतल्या खणात पडलेलं पत्र अखेर पत्त्यावर पोचलं आहे. एकमेकांना शोधताना चुकामूक झालेल्या नवरा-बायकोचे शब्द तरी एका जागी आले आहेत. मग बसमध्ये ती जोझुएला पत्र लिहायला घेते. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेल्या बाईचं आपल्यासमोर घडणारं हे पहिलं स्वतःचं पत्र. त्यात ती त्याला ट्रकचं चाक हातात घेतल्याची आठवण देते, आपल्या बापाची आणि शिट्टीची गोष्ट काढते, आणि आपला चेहरा तो विसरेल अशी भीती कबूल करते. ज्या बापाला ती विसरली होती, किंवा विसरल्याचं भासवत होती, त्याची आठवण येते, हेही त्यात येतं. जोझुए जागा होऊन धावतो, पण बस गेलेली असते.

मोंटेनेग्रो यांच्या अभिनयाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पुढे २०२४ मध्ये सालेस यांच्याच 'आय ॲम स्टिल हिअर'मध्ये त्यांची मुलगी फर्नांडा टोरेस नायिका झाली, आणि त्याच व्यक्तिरेखेचं वार्धक्य मोंटेनेग्रो यांनी शेवटच्या काही मिनिटांत साकारलं. त्या वेळी अनेकांना पुन्हा डोरा आठवली असेल. डोरा साकारताना त्यांनी कुठेही प्रेक्षकाची सहानुभूती मागितलेली नाही. शेवटच्या पत्राच्या दृश्यातही रडण्यात हसू मिसळलेलं आहे, आणि त्यातलं कोणतं खरं हे ठरवता येत नाही, कारण दोन्ही खरी आहेत.

डोराने जोझुएला आपल्याजवळ ठेवून घेतलं असतं तर प्रेक्षक अधिक सुखाने घरी गेला असता. सालेस तो मोह टाळतात, आणि मला हाच या चित्रपटाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. मुलाला त्याच्या माणसांत पोचवणं हे डोराचं काम होतं आणि ते तिने पुरं केलं. ताबा न घेता केलेली माया इतक्या स्वच्छपणे मी फार थोड्या चित्रपटांत पाहिली आहे. एकट्या, दुखावलेल्या माणसांबद्दलच्या कथा आपल्याला अनेकदा सांगतात की कोणीतरी भेटेल आणि सगळं ठीक होईल. 'सेंट्रल स्टेशन' जास्त अवघड आणि जास्त आश्वासक गोष्ट सांगतो. समोरच्याचं म्हणणं नीट ऐकावं, ते जिथे जायचं तिथे पोचवावं, आणि हे करताना आपलंही मन उघडं पडतं ते पडू द्यावं. यासाठी आधी चांगलं माणूस असण्याची अट नाही. डोरासारख्या, पत्रं फाडणाऱ्या बाईलाही ते जमतं, आणि जमेपर्यंतचा तिचा सगळा रस्ता चित्रपट आपल्याला सोबत चालायला लावतो.